हवा सुधारली

एप्रिल १९८८, सकाळी साडेनऊ. ओसाकाजवळच्या एका बंदरगावात, नगरपालिकेच्या खिडकीशी मिचियो ओरिकासाने आपल्या सात वर्षांच्या चिझुरूचं नाव प्रदूषणग्रस्तांच्या यादीत घालायला सांगितलं. नाव लागलं की दम्याचे उपचार सरकारी खर्चाने होत.

“यादी गेल्या महिन्यात कायमची बंद झाली, ओरिकासा-सान. हवा सुधारली ना,” कारकून लवून म्हणाला. “तुमचेच उपकार.”

गावातल्या वीजकेंद्राच्या धुरातला विषारी वायू निरुपद्रवी करणारा उत्प्रेरक मिचियोनेच बसवला होता.

बाहेर बाकावर त्याची बायको फुमिए धापा टाकणाऱ्या लेकीची पाठ चोळत होती. “धुरांडं साफ केलंत तुम्ही. आपल्या घरासमोरून दिवसभर ट्रक जातात, त्यांचं काय?” ती म्हणाली. “जा, आत सांगा, तुमचा उत्प्रेरक नीट चालत नाही म्हणून. एकदा खोटं बोललात तर जीभ झडणार नाही.”

मिचियो परत आत गेला. “वीजकेंद्रातला तो उत्प्रेरक...” एवढं बोलून तो अडखळला.

“कसा चाललाय?” कारकुनाने कौतुकाने विचारलं.



“उत्तम,” मिचियो म्हणाला.