उसातल्या हाका

कॅमेरा डोळ्याला लावायचा तर पॅराशूटच्या दोऱ्यांच्या दोन्ही मुठी सोडाव्या लागत होत्या, आणि खाली सगळा ऊस होता.

कैफने आधी उजवी सोडली, मग डावी. पॅराशूट डोक्यावर सरळ राहिलं. पाठीवरचं इंजिन घुमत होतं आणि त्याच्यामागे हातभर अंतरावर पंखा फिरत होता. विट्यापासून तासगावपर्यंत किती लग्नं, किती द्राक्षबागा त्याने असं उडत टिपल्या होत्या. पण त्याचा नेहमीचा कॅमेरा हेल्मेटला पक्का बसवलेला, काडेपेटीएवढा. त्यातून ऊस म्हणजे नुसता हिरवा पट्टा दिसायचा. आज माणूस शोधायचा होता. म्हणून त्याने लांब भिंगाचा जड कॅमेरा घेतला होता, आणि तो डोळ्यापर्यंत पोचावा म्हणून लांब पट्ट्याने छातीवरच्या कडीत अडकवला होता. सैल काही जवळ ठेवू नका, पंखा ओढून घेतो, असं तो नव्याने शिकायला येणाऱ्यांना स्वतःच बजावायचा.

कडेगावजवळच्या या शिवारातून म्हातारे आदगोंडाआण्णा काल दुपारी नाहीसे झाले होते. अलीकडे त्यांना नातवंडांची नावं आठवत नव्हती, कधी कधी घरही सापडत नव्हतं. ड्रोन उडवून झाला होता, त्याच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. सकाळपासून माणसं बांधाबांधावरून त्यांच्या नावाने ओरडत होती. शेवटी त्यांची लेक त्रिशला हिने कैफला फोन केला होता.

"कैफभाऊ, एकदा वरनं बघा की आमच्या आण्णास्नी. रातभर गारठ्यात हायत वो."

उसावर उडायला कैफ भ्यायचा. इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा नाही. हे तो कुणाला सांगत नसे, आणि त्या बाईला तर सांगणं शक्यच नव्हतं.

कॅमेऱ्यात पाती सरकत होती. मग दोन सऱ्यांच्या मध्ये काही पांढरं दिसलं. धोतर, की खताची पिशवी? तो आणखी खाली आला. भिंग फिरवलं, पुढे झुकला. त्याच वेळी वाऱ्याचा झपाटा आला, पॅराशूट एका अंगाला गेलं आणि कॅमेरा हातातून निसटला.

पट्टा काखेखालून मागे गेला. छातीवरची कडी इतकी ताणली की कैफला वाटलं, आता आपणही पंख्यात जाणार. मग कडी तुटली. मागे काडकन आवाज झाला, पंख्याचे तुकडे उडाले आणि इंजिन थांबलं.

एवढी शांतता त्याने हवेत कधी ऐकली नव्हती. दोऱ्यांतून वारा शिट्टी घालत होता. त्याने मुठी चाचपून धरल्या, "या अल्लाह" म्हणाला आणि डोळे मिटले. ऊस अंगावर आला.

शुद्ध होती, पण श्वास येत नव्हता. पट्टे सोडून तो इंजिनाखालून बाहेर सरपटला. पेट्रोलचा वास येत होता आणि खाली वाळलेलं पाचट. सायलेन्सर अजून तापलेला होता. तो पाती सारत लांब पळाला; गाल कापले, हात कापले. थांबला तेव्हा चहूकडे सारखाच ऊस. मोबाईल कुठेतरी पडला होता. वर पाहिलं तर आभाळाची एक चिंधी.

लांबून आदगोंडाआण्णांच्या नावाने हाका येत होत्या. कोणत्या बाजूने, कळेना. त्याने ओरडायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

मग पाचट वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं, जवळ. गेल्याच महिन्यात या पट्ट्यात बिबट्याने शेळी नेली होती. कैफ मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

एक हात त्याच्या खांद्यावर पडला.

"भ्यालास व्हय रं?"

चिखलाने माखलेलं धोतर, एका पायात चप्पल, ओठ फुटलेले. म्हातारा त्याच्यासमोर उकिडवा बसला होता आणि तोही कापत होता. कैफने मान हलवली.

"मीबी लय भ्यालो," म्हातारा म्हणाला. "सकाळपास्नं माणसं कुणाच्या तरी नावानं हाका मारत्यात. मी आपला गप बसून ऱ्हायलो." त्याने कैफच्या गालावरचं रक्त आपल्या धोतराच्या सोग्याने पुसलं. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. "तू अगदीच लहान हायस की रं. चल. ऊठ. कुणीतरी वाट बघत आसंल."

त्याने कैफचं मनगट धरलं. ते एका सरीने निघाले, ती एका ओढ्याला जाऊन संपली. परत फिरले. दुसरी धरली. म्हातारा मध्येच थांबून हाकांना कान द्यायचा आणि मग पुढे व्हायचा. त्याचा हात आता कापत नव्हता. कैफला चालता चालता रडू आलं, तशी म्हाताऱ्याने पकड आणखी घट्ट केली.

उजेड आला. बांधावर माणसांची गर्दी होती. त्रिशला "आण्णा!" म्हणत धावत आली, आणि दोन पावलांवर येऊन रडत उभी राहिली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग कैफचा हात तिच्या हातात दिला.

"रडू नगं, बाई. ह्यो घे तुमचा आदगोंडा. सापडला."