कुरडया झाल्या की

"आप्पा, तुम्ही गावातली बाई व्हा. छातीत गाठ लागलीय, पण तपासायला यायला तयार नाही. मी तुम्हाला तयार करणार."

शलाका आरोग्य संवादात एम. ए. करत होती आणि उद्या तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला. "बोला, मॅडम."

"काकू, दवाखान्यात जायचं ना?"

"गहू भिजत घातलेत. कुरडया झाल्या की येते."

शलाका हसली. "शेजारच्या घालतील की कुरडया."

"त्यांच्या हातच्या तुटतात. आणि दुखत नाही, तर डॉक्टरला दाखवायचं काय?"

हे शब्द कुणाचे, ते आप्पांना बोलून झाल्यावर कळलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी शलाकाची आई याच स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून हेच म्हणाली होती. तिनं घातलेल्या त्या कुरडया अजून फळीवरच्या डब्यात होत्या. ती नव्हती.

शलाकाचं हसू कधीच गेलं होतं. वर्गात शिकवल्याप्रमाणे तिनं भीती घातली नाही, घाई केली नाही. फक्त त्यांचा हात हातात घेतला. "नसल्या कुरडया तर नसल्या. आजच चल ना गं, आई."

आप्पांनी डोक्यावरच्या टॉवेलचं टोक सावरलं.

"बरं," ते म्हणाले. "राहू देत गहू. चल."

दोघं उठली, चपला घालून दारापर्यंत आली. तिथून पुढं कुठं जायचं, ते दोघांनाही सुचेना.