आधी डॉक्टर, मग फी

"एवढ्या पैशांत मी अख्खं गाव दोन हात मारून रंगवून देईन," बाबा म्हणाले. "तेही प्रायमरसकट."

टेबलापलीकडचा वैमानिक प्रशिक्षण संस्थेचा सल्लागार मनापासून हसला. बाबांना ते आवडलं नाही. त्यांचं रंगांचं दुकान होतं, आणि विकणारा हसायला लागला की खिसा सांभाळावा, हे ते त्या दुकानातच शिकले होते.

शेजारी चिमणी माहितीपत्रक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होती. चिमणी हे तिचं घरातलं नाव. घरावरून विमान गेलं की ती अजूनही जेवण सोडून गच्चीवर पळायची. वैमानिक व्हायचं हे तिचं ठरलेलं होतं. कसं, हे आज ठरायचं होतं.

"दोन रस्ते आहेत," सल्लागार म्हणाला. "नुसता उड्डाणाचा परवाना घ्या, लवकर होतं आणि खर्चही कमी. नाहीतर परवान्याबरोबर विमानशास्त्राची पदवी. चार वर्षं, आणि खर्च जवळजवळ दीडपट."

"नोकरी देताना विमान कंपन्या पदवी मागतात का?" चिमणीने विचारलं.

"बऱ्याच मागत नाहीत. परवाना बघतात, किती तास उडालात ते बघतात."

बाबा पुढे सरकले. "मग वरचे पैसे कशाचे?"

"उद्या काही कारणानं उडता आलं नाही, तर पदवी हातात राहते."

"आणि तिचं करायचं काय?"

"खुर्चीत बसून दुसऱ्यांना उडायला पाठवायचं," तो म्हणाला आणि पुन्हा हसला.

बाबा हसले नाहीत. दुकानाशेजारचा गाळा विकला तरच पदवीचे पैसे उभे राहणार होते. दुकान वाढवायला म्हणून घेतलेला गाळा. त्याच्या शटरला निळा रंग त्यांनी स्वतः दिला होता.

"वैद्यकीय तपासणी झाली का हिची?" सल्लागाराने विचारलं.

"ती नंतर असते ना?" चिमणी म्हणाली.

त्याने पुढ्यातला फॉर्म उलटा करून ठेवला. "आधी डॉक्टर, मग फी. रस्त्यापलीकडे दवाखाना आहे. जाऊन या."

हिशेबाच्या खिडकीतून एक ताई डोकावल्या. "अहो, आज सवलतीचा शेवटचा दिवस आहे! आणि पदवीच्या नियमात तपासणी चौथ्या वर्षी आहे, उड्डाणाच्या आधी. आलेली माणसं कशाला परत पाठवता?"

"नियम मला पाठ आहे, ताई. सवलत मी धरून ठेवतो."

जिना उतरताना बाबांनी चिमणीचा दंड धरला. "कळलं का तुला? आमच्या रंगाच्या डब्यात पैशांचं टोकन असतं. पेंटर गिऱ्हाइकाला महागाचा डबा घ्यायला लावतो आणि टोकन घालतो स्वतःच्या खिशात. हा माणूस पेंटर आहे. डॉक्टरकडून याला काहीतरी सुटत असणार."

"बाबा, हळू."

"आणि मोजे बघितलेस? एक शेवाळी, एक तपकिरी. ज्याला मोज्यांची जोडी लावता येत नाही, तो तुझ्या आयुष्याची घडी बसवणार?"

"तुम्ही मोजे कधी बघितलेत?"

"तो नियम पाठ म्हणत होता तेव्हा."

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमणीचे कान, छाती, रक्तदाब सगळं पाहिलं. मग रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा होता. चिमणी तोंड उघडणार इतक्यात मागून आवाज आला, "बहात्तर!"

"विमान तुम्ही चालवणार आहात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पण बहात्तरच आहे. केशरी जरा फिका पडलाय ठिपक्यांचा."

बाबांची रवानगी बाहेरच्या बाकावर झाली.

शेवटी डॉक्टर चिमणीला घेऊन बाहेर आले. "एकदम ठणठणीत. बिनधास्त उडू दे."

बाबांचा चेहरा उजळला, पण मनातला किडा गेला नव्हता. त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ते साहेब बरीच मुलं पाठवतात वाटतं तुमच्याकडे?"

"सगळीच पाठवतो. माझा जुना पेशंट आहे तो."

"बघ," बाबा जिन्यात कुजबुजले. "घरोबा आहे."

ते परतले तेव्हा हिशेबाच्या ताई जेवायला गेल्या होत्या. सल्लागार अहवाल घाईघाईने वाचत गेला. एका ओळीपाशी थांबून त्याने ती पुन्हा वाचली आणि टेबलावर थाप मारली. "वा! आता करा खुशाल खर्च."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "बोल चिमणे. कोणता डबा उघडायचा?"

"पदवीचा," चिमणी म्हणाली. "पण गाळा..."

"गाळ्याला काय पंख फुटणार आहेत? तुला तरी फुटू देत." बाबांनी चेकबुक काढलं. मग त्यांना राहवलं नाही. "साहेब, एक विचारतो, राग मानू नका. या तपासणीमागे तुम्हाला किती सुटतात?"

"एक दमडीही नाही."

"मग मुलांना तिकडे पिटाळायची एवढी हौस कशाला?"

सल्लागार उठून कपाटापाशी गेला. आत दोन गठ्ठ्यांत दोन रंगांच्या कोऱ्या फायली होत्या. त्यांच्यावर अभ्यासक्रमाच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायचं काम ताईंचं होतं, ते अजून व्हायचं होतं. तो क्षणभर घुटमळला. मग एका गठ्ठ्यातली वरची फाइल उचलून त्याने बाबांसमोर ठेवली.

"ही घ्या. पदवीवाल्यांची हिरवी फाइल."

बाबांनी फाइल उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली. एवढी चूक तर दुकानात पहिल्याच दिवशी आलेला नोकरही करत नसे.

"अहो, ही हिरवी कुठली? चांगली विटकरी आहे की."

"असेल," सल्लागार म्हणाला. "मला ते चौथ्या वर्षी कळलं."