डमीचा अनुभव

"डमी बोलत नसते, मावशी. एवढं एकच लक्षात ठेवा," प्राचार्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्या अंगावर चादर ओढली.

खरी डमी कोपऱ्यात खुर्चीत बसली होती. तिचा सलाईन लावायचा हात आदल्या दिवशी सरावात खांद्यातून निखळून आला होता आणि आता तिच्याच मांडीवर ठेवलेला होता. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल, बाहेरून आलेले परीक्षक चहा पिऊन तयार, आणि डमीला हात नाही. तेव्हा कोणाला तरी मावशीच्या शिरा आठवल्या.

मावशी म्हणजे हॉस्पिटलातली आया. एकोणीस वर्षं नोकरी. सख्खी बहीण नसताना ती अख्ख्या हॉस्पिटलची मावशी झाली होती. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे हाडांचे डॉक्टरही तिला मावशीच म्हणत. एरवी तिने या डमीगिरीला साफ नकार दिला असता. पण उशाखाली तिचा अर्ज होता. आयांना नर्स होता यावं म्हणून नवा कोर्स निघाला होता. वयाची अट पंचेचाळिशीच्या आत. मावशीला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होणार होती, म्हणजे पुढच्या वर्षी हा विषयच नव्हता. शेवटची तारीख आजची, वेळ पाचची. अर्ज लेकीने भरून दिला होता, फोटोही तिनेच काढला होता, "आई, जरा नर्ससारखी बघ," असं म्हणून. राहिला होता तो फक्त अनुभवाचा दाखला. तो द्यायचा प्राचार्याबाईंनी, कारण हॉस्पिटलच्या मेट्रनही त्याच होत्या.

सकाळी तिथेच गाडी अडली होती. मावशीने सांगितलं, सलाईन लावते, ड्रेसिंग करते, इंजेक्शन देते, नव्या पोरींना शिकवते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की यातलं काहीच आयांनी करायचं नसतं. मावशी म्हणाली, तुम्हीच तर करायला लावता. बाई म्हणाल्या, लावतो, पण तसं लिहून कसं देणार? लिहिलं तर हॉस्पिटलची चौकशी लागेल. नाही लिहिलं तर अनुभव शून्य आणि अर्ज बाद, हे मावशीला न सांगता कळलं. परीक्षा झाली की बघू, असं म्हणून बाईंनी कॉटकडे बोट दाखवलं होतं.

पहिलीने तीनदा टोचलं. परीक्षकांनी डमीची गुणवत्ता चांगली असल्याचं बोलून दाखवलं. दुसरी टोचण्याआधी "थोडंसं दुखेल हं" म्हणाली, त्याचा तिला एक गुण जास्त मिळाला. दुखलं मावशीला, त्याला गुण नव्हते.

तिसरी टॉपर. तिला सगळे टॉपरच म्हणत. पुस्तक तोंडपाठ. सुई तिने एका दमात शिरेत बसवली, कारण ते मावशीने शिकवलं होतं. मग सलाईनच्या नळीतली हवा आधी का काढायची, नाही काढली तर माणसाचं काय होतं, हे तिने दोन मिनिटं न अडखळता सांगितलं. परीक्षक मान डोलावत राहिले. आणि बोलता बोलता तिने नळी हवेसकट सुईला जोडली.

मावशीने वर पाहिलं. नळीभर हवा. टॉपरचा अंगठा सलाईन सोडायच्या चाकावर गेला. बाई परीक्षकांकडे बघत होत्या, परीक्षक गुणपत्रिकेकडे.

डमी बोलत नसते, म्हणून मावशी बोलली नाही. तिने दुसऱ्या हाताने टॉपरचं मनगट धरलं. नळी सोडवली, टॉपरचं बोट शिरेवर दाबून ठेवलं, नळीतली हवा काढून टाकली, शेवटचा चुकार बुडबुडा टिचकी मारून पळवला, नळी परत जोडली, थेंबांचा वेग लावला आणि डोळे मिटून पुन्हा डमी झाली.

परीक्षकांनी बराच विचार केला. डमीने हालचाल करणं नियमात बसत नाही, असं ते म्हणाले. मात्र एकूण कृती पद्धतशीर झालेली असल्यामुळे टॉपर पास होती.

"सर, पण ते मी नाही..." टॉपरने तोंड उघडलं.

"पुढची," प्राचार्याबाई म्हणाल्या.

पावणेपाचला परीक्षक गेले. मावशी उठून बसली. दोन्ही हातांवर मिळून कापसाचे सात बोळे चिकटवलेले होते. बाईंनी दाखला लिहून, सही करून तिच्या हातात दिला. मावशीने वाचला. झाडणे, पुसणे, बेडपॅन देणे. त्याखाली, बहुधा आजच्या उपकाराची जाण ठेवून, एक ओळ वाढवली होती: सांगितल्यास झोपून राहणे.

मावशीच्या मस्तकात तिडीक गेली. ती काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नऊ नंबरच्या आजोबांची शीर सापडत नव्हती. चार सिस्टरनी टोचून पाहिलं होतं.

बाईंनी फोन कानावरून न काढताच सांगितलं, "मावशी, पळा. नऊ नंबर."

मावशी कॉटवरून उतरली. चपला घातल्या. दाखला बाईंच्या पुढ्यात ठेवला, हाताने सपाट केला आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यावर आडवं ठेवलं.

"जाते की," ती म्हणाली. "तेवढं यात बघून सांगा बाई, झाडायला जाऊ का पुसायला?"

फोनमध्ये कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. पाचला अकरा मिनिटं होती. मावशीने कोपऱ्यात डमीशेजारी खुर्ची ओढली, बसली, आणि आपले दोन्ही हात तिच्यासारखेच मांडीवर ठेवून दिले.