लिव्हरचा काढा

संजनाचा पेला रिकामा होईपर्यंत सुलाबाई समोरून हलायच्या नाहीत. सकाळी एक, रात्री एक. शेवटचा घोट गेला की पेला उपडा करून बघायच्या आणि मगच शाबास म्हणायच्या. सासू सुनेला शाबास म्हणते, हे सातपूरच्या त्या गल्लीत कुणाला सांगून पटलं नसतं.

पण वेळच तशी आली होती. संजनाच्या नवऱ्याचं, संघर्षचं, लिव्हर दारूनं पार गेलं होतं. दुसऱ्याचं बसवल्याशिवाय तो जगत नव्हता. आई म्हणून सुलाबाई पुढं झाल्या, तर त्यांचं वय आडवं आलं. धाकट्या भावाचा, बंटीचा, रक्तगट जुळेना. जुळली कोण, तर संजना. लग्नापासून जिला लाथा घातल्या, तिच्याच लिव्हरचा तुकडा आता साहेबांना हवा होता. घ्या! त्यातही माशी शिंकली. तपासणीत तिच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, तेल, तूप, गोड बंद करा, रोज चाला, दीड महिन्यानं पुन्हा बघू.

ऑपरेशनचं नुसतं नाव काढलं तरी संजना घाबरायची. पण पदरात सात वर्षांची तेजल. पोरीला बाप हवा. शिवाय आता थेंबाला शिवणार नाही, अशी शपथ संघर्षनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. तिनं होकार दिला.

काढ्याची कल्पना सुलाबाईंची. त्यांचा भाचा झुंबर घोटीला शेडमध्ये मशरूम पिकवायचा. त्यात रेशी नावाचं एक लालसर, चामड्यासारखं मशरूमही होतं. त्याचे वाळवलेले काप त्यानं डबाभर आणून दिले, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून. त्यातली द्रव्यं लिव्हरला जपतात, शास्त्रज्ञांनी उंदरांवर करून बघितलंय, असं तो सांगत होता.

"पण लय कडू हाय, आत्या," तो म्हणाला. "याच्यापुढं कारलं गोड लागंल. नाक दाबून पाजा वहिनीला."

डॉक्टरांनी मात्र मोडता घातला. उंदरांचं ठीक आहे, माणसांबद्दल अजून पक्कं काही नाही, असलं काही घेऊ नका म्हणाले. सुलाबाईंनी तिथं मान डोलावली आणि घरी येऊन पातेलं चढवलं. काढा उकळताना स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू देत नसत. मात्रा चुकली तर अंगाशी येईल म्हणायच्या.

काढा कडू लागला नाही. चांगला गोडमिट्ट होता, वर तेलकट तवंग. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, असं संजना भीत भीत म्हणाली.

"गूळ घातल्याबिगर घशाखाली उतरायचा नाही," सुलाबाई म्हणाल्या. "औषधातलं गोड अंगी लागत नाही."

संजनानं ऐकलं. कोरडी भाकरी खाल्ली, मैदानाला फेऱ्या मारल्या. तरी ब्लाउज घट्ट व्हायला लागले. औषधाची सूज आहे, उतरेल, असं सांगून सुलाबाईंनी स्वतः शिवणी उसवून दिल्या.

बाकी त्यांचा जीव लेकात. तो पुढच्या खोलीत पडून असायचा, उशाशी गरम पाण्याचा थर्मास. तो थर्मास त्या दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसत. धुण्याआधी नाकाशी धरायच्या, क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. संजनाला वाटे, आईच ती, स्वच्छतेला जपणारच.

दीड महिन्यानं तपासणी झाली. चरबी उतरायची सोडून दुपटीनं वाढली होती. डॉक्टर म्हणाले, हे लिव्हर घेता येणार नाही, आणि पुन्हा थांबायला पेशंटकडे वेळ नाही.

बाहेर बंटी म्हणाला, वहिनी, चोरून खाल्लंत ना? सुलाबाईंनी तर सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं. जिभेवर ताबा नाही, माझं पोर गिळलंस, काय काय म्हणाल्या. संजनाला आत कुठंतरी हायसं वाटलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

घरी आल्यावर सुलाबाईंनी संघर्षच्या उशाचा थर्मास आणून तिच्या हातात दिला.

"आज तू धू."

झाकण फिरवताच भपकारा आला. दारू. संजनानं वळून पाहिलं. सुलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, मान वर केली नाही त्यांनी.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. याच्यासाठी आपण तो मेला काढा पातेलीच्या पातेली रिचवला! उरलेले काप उकिरड्यावर फेकायचे म्हणून तिनं फळीवरचा डबा ओढला. चिकटपट्टीचं टोक नखानं शोधावं लागलं. झुंबरनं गुंडाळली तशी ती अख्खी होती. डबा काठोकाठ भरलेला. तिनं एक काप उचलून जिभेला लावला. जहर कडू. असलं काही या दीड महिन्यात तिच्या तोंडाला लागलंच नव्हतं.