वाळत घातलेले कपडे

वादळानं ऐनवेळी तोंड फिरवलं. गच्चीवर वारा मोजायला जमलेली हौशी मंडळी सुतकी चेहऱ्यानं घरी गेली. नवरा मात्र खाली उतरेना. "ते येणार," एवढंच म्हणाला.

लेक जन्मली तेव्हाही तो असल्याच एका वादळामागे किनाऱ्यावर होता. बायकोनं ते कधी बोलून दाखवलं नाही. गिळलं, इतकंच.

ऊन कलल्यावर ती कपडे काढायला वर गेली. वारा मोजायच्या वाट्या ज्या लोखंडी खांबावर बसवल्या होत्या, त्याला नवरा दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता. त्याचा सदरा फाटेल असा फडफडत होता आणि पाय कठड्याकडे घसरत होते. डोक्यावरच्या वाट्या जागच्या हलत नव्हत्या. दोरीवरची चादरही नाही.

तो जिवाच्या आकांतानं ओरडत असावा. तिला फक्त खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

त्याचा चष्मा उडून कठड्यापलीकडे गेला. त्यानं एक हात सोडवून तिच्याकडे पुढे केला.

"आलं ना एकदाचं तुमचं वादळ?" ती म्हणाली, आणि तिनं चादरीचा पहिला चिमटा काढला.