हेमलताबाईंचे हातमोजे

गौरी-गणपती तोंडावर आले, तेव्हा कुठे अच्युतरावांनी पत्नीचे, हेमलताबाईंचे हातमोजे चढवले. बाई वारल्या होत्या, पण त्यांची बागेतली गेल्या वर्षीची लावणी मोज्यांत जशीच्या तशी साठवलेली होती. मोजे अच्युतरावांचे हात धरून आळं करत, दोडक्याच्या दोन बिया टोचत, माती दाबत पुढे सरकत होते.

"फार उशीर केलात, भाऊजी," कुंपणापलीकडून सुलभावहिनी म्हणाल्या.

"धीरच होत नव्हता."

प्रत्येक आळ्यानंतर मात्र उजवा हात आपसूक वर जाई आणि दोनदा हले.

"मोजे बिघडलेत," अच्युतराव कुरकुरले. "की चिमण्या हाकलायची ही?"

वहिनी घुटमळल्या. "चिमण्या कसल्या? ओसरीवर तुम्ही बसायचात ना, तुम्हाला हात करायची. तुमचं डोकं पेपरात."

अच्युतरावांनी मोजे काढून वहिनींपुढे धरले.

"शेवटची रांग तुम्ही लावाल?"

ते ओसरीवर खुर्चीत जाऊन बसले. पेपर तिथेच होता, तो त्यांनी बाजूला सारला. पहिलं आळं झालं आणि वहिनींचा मोज्यातला हात वर गेला. अच्युतरावांनीही हात वर केला, आणि वहिनी पुढच्या आळ्याला लागल्या तरी तो खाली घेतला नाही.